बहात्तरबाईंचा ऑनलाइन पेशंट

आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये तिला समोर सगळे ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘बहात्तरबाई’. नाव पडलं त्याला कारण आहे. नव्या मुली वॉर्डात जायला लागल्या की पेशंटच्या तक्त्यावर नाडीच्या रकान्यात सरसकट बहात्तर लिहून मोकळ्या होतात. निरोगी माणसाची नाडी साधारण बहात्तर, असं पुस्तकात छापलेलं असतं ना, मग मनगट धरायचे कष्ट कोण घेणार? तापाने फणफणलेला बहात्तर, ऑपरेशन होऊन आलेला बहात्तर, आणि संडासला गेल्यामुळे कॉटवर नसलेला पेशंट, तोही बहात्तर. मग ही बाई तक्ता हातात घेऊन, मुलीला अख्ख्या वॉर्डासमोर उभी करून शांतपणे विचारायची, “ही मोजलेली आहे की लिहिलेली?”

मुली रडायच्या. पण दुसऱ्या दिवसापासून मनगट धरायच्या, आणि तेही पूर्ण मिनिटभर. माझ्या मते नर्सिंगमधलं अर्धं शिक्षण तिथेच होतं.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. मी बाळंतपण शिकवते, ती आजारी माणसाची शुश्रूषा शिकवते. म्हणजे माझे पेशंट घरी जाताना एकाचे दोन होऊन जातात आणि तिचे बहुतेक कण्हत जातात, त्यामुळे आमच्या स्वभावातही तसा फरक आहे. मी बडबडी, तोंडाळ. ती मोजून मापून बोलणारी. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खातोय, पण तिच्याबद्दल चार चांगले शब्द मी तिच्या तोंडावर कधी बोललेले नाही. बोलले असते तर तिला वाटलं असतं की मला ताप आलाय.

तिची शिकवायची पद्धत एकच. ती सांगणार, मुली लिहिणार. वर्गात पेनांची खरखर आणि तिचा आवाज, बाकी चिडीचूप. कुणी हात वर केला की ती म्हणायची, “आधी लिहून घे. शंका मग.” आणि ते ‘मग’ काही यायचं नाही, कारण तेवढ्यात घंटा व्हायची. मुली पास मात्र भरघोस मार्कांनी व्हायच्या, त्यामुळे तिला बोलायची कुणाची टाप नव्हती.

या वर्षीच्या बॅचमध्ये एक मुलगी आली. हडकुळी, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, आणि हात कायम वर. तिला ‘शंकासूर’ हे नाव मीच ठेवलं. मी बाळंतपणाचे टप्पे समजावत होते, तेव्हा तिने मला विचारलं, “मॅडम, पण बाळाला कसं कळतं की आता बाहेर यायची वेळ झाली?” मी म्हटलं, “तुझ्यासारखं बाळ असेल तर ते आतच शंका विचारत बसेल, बाहेर येणारच नाही.” वर्ग हसला, तीही हसली आणि पुन्हा हात वर केला. माझ्या तासाला निदान हसून साजरं व्हायचं. बहात्तरबाईच्या तासाला तिचा हात वर जायचा आणि तसाच खाली यायचा.

अशात वरून आदेश आला. या बॅचच्या मुलींचे काही तास ऑनलाइन घ्यायचे, आणि तेही नव्या पद्धतीने. मोठ्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना संगणकाच्या खोलीत बसवलं आणि पडद्यावर एक तरुण प्रशिक्षक अवतरला. कानात बोंडं घातलेली, मागे पुस्तकांचं कपाट. तो म्हणाला, “शिक्षकांनी उत्तरं सांगायची नाहीत. मुलींना एक पेशंट द्यायचा, तोही दोन ओळींत. पुढचं सगळं त्यांनी विचारून काढायचं. जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. मग त्यांनी शोधायचं, वाचायचं, आपला अंदाज लिहायचा आणि अंदाजाला आधार काय तेही लिहायचं.”

“मग आम्ही पगार कशाचा घ्यायचा?” मी विचारलं. सगळ्या हसल्या. तो नाही हसला. माझा माइक बंद होता म्हणे.

बहात्तरबाईने मात्र एकच प्रश्न विचारला. “पेशंट आणायचा कुठून?”

“कल्पनेतून, मॅडम. फक्त एक पथ्य पाळा. मुलींनी काही विचारलं आणि तुम्ही ते ठरवलेलं नसेल, तर मनाला येईल ते ठोकून देऊ नका. नाहीतर पेशंटचा काही मेळच लागत नाही. ‘बघून सांगते’ असं लिहा आणि विचार करून मग सांगा.”

खरी पंचाईत इथेच होती. त्या बाईला कल्पना नावाची वस्तू देवाने दिलेलीच नाही. तिला साधी थाप मारता येत नाही. रजा हवी असली तरी पोट दुखतंय म्हणायच्या आधी तिला खरोखर पोट दुखायला लागावं लागतं. दोन-तीन दिवस ती कोऱ्या कागदापुढे बसून होती. मग एका सकाळी तिने माझ्यापुढे फोन धरला. ऑनलाइन तासांच्या पोर्टलवर तिने लिहिलं होतं:

‘पुरुष, सत्तरीला आलेला. व्यवसाय शिंपी. काही महिन्यांपासून थकवा, विसरभोळेपणा, कामात चुका. दोनदा तोल जाऊन पडला. घरच्यांना काळजी वाटते.’

मी वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी काही बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काय ते तिलाही कळतं.

तो शिंपी नव्हता. तिचा नवरा होता, आणि त्याचा धंदा चाव्या बनवण्याचा. बाजाराच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाच्या जिन्याखाली त्याची टपरीवजा जागा आहे. जेमतेम एक माणूस, एक यंत्र आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या चाव्या मावतील एवढी. एके काळी तो कारखान्यात लेथवर होता. तिथून निघाल्यावर त्याने हे सुरू केलं आणि त्यात नाव कमावलं. माणूस हसतमुख, गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता चावी घासणारा. कुलूपच हरवलं असं सांगत कुणी आला तर म्हणायचा, “मग माझ्याकडे कशाला आलात? आता दार उघडंच आहे.”

पण गेले काही महिने त्याचं बिनसलं होतं. बसल्या जागी डुलक्या घ्यायचा. गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. दिलेल्या चाव्या लागत नाहीत म्हणून लोक परत यायला लागले. एकदा यंत्रासमोरून उठताना तो पडला आणि कपाळाला खोक पडली, दुसऱ्यांदा घरात, न्हाणीघराच्या दाराशी. डॉक्टरांनी वरवर तपासलं आणि म्हणाले, वय झालं, आता असंच चालायचं. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाने फोनवरून सगळं ठरवून टाकलं. महिना संपला की दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला भाड्याने द्यायचं, बाबांनी घरी बसायचं आणि आईने नोकरी सोडून त्यांच्याकडे बघायचं. सून चांगली आहे, मुलगाही वाईट नाही. त्यांनी ठरवलं ते काळजीपोटीच. बहात्तरबाईने मोठ्या मॅडमना सांगूनही टाकलं होतं की ही माझी शेवटची बॅच.

मला ते ऐकून संताप आला होता. “तू नोकरी सोडून घरी करणार काय? त्याला नोट्स लिहून देणार?” असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “असे पेशंट मी पाहिलेत गं. एकदा उतरण लागली की माणूस वर येत नाही. मला माहीत आहे पुढे काय काय होतं ते.” तिला खरंच माहीत होतं. पानंच्या पानं तिने मुलींना त्यावर लिहून दिली होती. आता तेच सगळं आपल्या घरात क्रमाने येणार, हे धरून ती बसली होती.

तर मुलींना हा शिंपी मिळाला आणि प्रश्न सुरू झाले. होस्टेलमध्ये नेटवर्क फक्त जिन्यावर येतं, त्यामुळे संध्याकाळी त्या जिन्यावर रांगेने बसायच्या, वाळत घातलेल्या युनिफॉर्मच्या खाली, आणि फोनमध्ये डोकी घालून पेशंटला छळायच्या. आजोबांना झोप लागते का? भूक कशी आहे? माणसं ओळखतात का? बहात्तरबाई एका बोटाने टाइप करायची. सुरुवातीला तिला ते फार जाचायचं. एवढं मला दोन मिनिटांत सांगता आलं असतं, असं ती दर थोड्या वेळाने म्हणायची.

थाप मारता न येणारी बाई ती, पहिल्याच आठवड्यात पकडली गेली असती. एका मुलीने विचारलं, आजोबांच्या हातांना काही होतं का? हिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘बोटांत पितळेचा कीस टोचतो, बाकी काही नाही.’ झालं. जिन्यावर चर्चेला ऊत आला. शिंप्याच्या बोटात पितळ कुठून? हुकांमुळे? बोटातलं अंगुस्तान झिजलं की काय? एका गटाने तर धातूच्या विषबाधेवर वाचायला सुरुवात केली. हे मला कळलं तेव्हा मी इतकी हसले की चहा नाकातून आला. शेवटी तिने सपशेल शरणागती पत्करली आणि लिहिलं, ‘दुरुस्ती. पेशंट शिंपी नसून चाव्या बनवतो. माझी चूक.’ ‘माझी चूक’ हे शब्द मुलींनी तिच्याकडून पहिल्यांदाच वाचले होते.

पण ‘बघून सांगते’ या पथ्याने वेगळंच काम केलं. तिला ठरवायचं काहीच नव्हतं, पेशंट घरीच होता. म्हणून ती खरंच बघायला लागली. मुलींनी विचारलं की आजोबा विसरतात म्हणजे नक्की काय विसरतात. नावं, की आताच झालेल्या गोष्टी, की विसरत नाहीत आणि नुसतं आठवायला वेळ लागतो? हिला उत्तर देता येईना. तेव्हा त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं.

“अहो, तुम्हाला आठवतच नाही, की उशिरा आठवतं?”

तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला म्हणे. मग म्हणाला, “आठवतं सगळं. पण मला वर यायला वेळ लागतो. पाण्याखालून बोलल्यासारखं वाटतं. आणि मी वर येईपर्यंत तुमचं बोलणं पुढे गेलेलं असतं.”

“हे आधी का नाही बोललात?”

“कोण विचारतंय?” तो म्हणाला. “घरात सगळे मला सांगतात. बसा, उठा, गोळी घ्या, पायात चप्पल घाला. माझ्याबद्दल विचारायचं असलं की तुला विचारतात.”

दुसऱ्या दिवशी हे तिने मला सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला. जगाला शुश्रूषा शिकवणारी बाई, आणि घरातल्या माणसाशी बोलली नाही. पण मग माझ्याच घरातली दोन-चार माणसं मला आठवली आणि मी माझा राग गिळला.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या दोघांचं एक नवीनच सुरू झालं. ती मुलींचे प्रश्न वाचून दाखवायची आणि तो उत्तर द्यायचा, थांबत थांबत. ती वाट बघायची. आपल्यामागे मुलींची अख्खी फौज लागली आहे हे कळल्यावर त्याला मजा वाटायला लागली. “काय म्हणतात आज तुझ्या पोरी?” असं तोच आठवण करून द्यायचा. एका गटाने नजरेबद्दल विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, डोळ्यांत दाब आहे, काचबिंदू म्हणतात त्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवतो, आता बरं आहे. तिने ते जसंच्या तसं लिहिलं आणि विसरून गेली. डोळ्यांचा दवाखाना त्याचा तो सांभाळायचा, त्यात तिने कधी लक्ष घातलं नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. तिच्या फोनवर प्रश्न आला, शंकासुराचा. ‘आजोबांची नाडी किती?’

तिने डाव्या हाताने फोन उचलला, उजव्या हाताच्या बोटाने दोन आकडे दाबले, फोन ठेवला आणि पुन्हा लाल पेन हातात घेतलं. एवढं सगळं नजर वर न करता. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. तिने पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. मी डोकावले. वर तिचं उत्तर होतं: बहात्तर. खाली त्या मुलीने लिहिलं होतं, ‘मॅडम, ही मोजलेली आहे की लिहिलेली?’

मला आधी हसू फुटलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. कानापर्यंत लाल झाली होती ती. मला वाटलं आता ही त्या पोरीची खरडपट्टी काढणार. म्हणून मीच म्हटलं, “उद्धटपणाने नसेल विचारलं तिने. तुझंच वाक्य आहे ते.”

“माहीत आहे माझं आहे ते,” ती म्हणाली. पर्स उचलली, तपासायचे पेपर तसेच टेबलावर टाकले, आणि सुट्टी व्हायच्या आधीच निघून गेली. इतक्या वर्षांत तिला अर्ध्या कामातून उठून जाताना मी पाहिलं नव्हतं.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. ती घरी गेली नाही, थेट दुकानात गेली. तो यंत्रासमोर स्टुलावर मान खाली घालून बसला होता. ती काउंटरची फळी उचलून आत शिरली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. गप्प बसा.”

तिने पूर्ण मिनिट मोजलं. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस. औषधाच्या दुकानाकडे जाणारी माणसं जिन्याशी थांबून बघायला लागली होती, बायको भर बाजारात नवऱ्याचा हात धरून उभी आहे म्हणून. तिला कशाचं भान नव्हतं. आणि तो, त्याने हात सोडवून घेतला नाही. मोजून झाल्यावरही नाही.

तिने तिथेच, दुकानात उभं राहून, पोर्टलवर लिहिलं, ‘लिहिलेली होती. आता मोजली. चव्वेचाळीस आहे.’

तिकडे मुली बहुधा फोन हातात धरूनच बसल्या असाव्यात. शंकासुराचं लगेच आलं, ‘मॅडम, नाडी मंद करणारी कारणं आम्ही शोधली आहेत, त्यात औषधंही आहेत. आजोबा कोणती औषधं घेतात?’ हिने लिहिलं, ‘रक्तदाबाची एकच गोळी. तिने नाडी मंद होत नाही.’ यावर तिकडून आलं, ‘गोळीच नाही, मॅडम. पातळ औषध, मलम, थेंब, काहीही. तुम्ही म्हणाला होतात की त्यांना काचबिंदू आहे. त्याचे काही थेंब असे असतात की ते डोळ्यातून अंगात उतरतात आणि नाडी मंद करतात. थकवा येतो, तोल जातो, माणूस गोंधळतो, असंही लिहिलं आहे. वाचलेलं खाली जोडलं आहे. आजोबा डोळ्यांत काय घालतात?’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तिने नवऱ्याला विचारलं. त्याने खिशातून एक इवलीशी बाटली काढली. सकाळी एक थेंब आणि संध्याकाळी एक, असं त्याला सांगितलं होतं. पण नेम चुकून थेंब गालावर जायचा. मग तो दुसरा टाकायचा. दुसरा नक्की गेला का याची खात्री नसायची, म्हणून तिसरा. दृष्टी जाईल याची त्याला धास्ती होती, आणि दृष्टी गेली तर चाव्या कशा करणार? म्हणून मधे आठवण झाली की तो दुपारीही टाकायचा. थेंबच तर आहेत, त्यांनी काय होतंय?

डॉक्टरांकडे ती त्याला त्याच संध्याकाळी घेऊन गेली. त्यांनी नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला, बाटली हातात घेऊन वाचली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “हे थेंब चालू आहेत हे मला आधी का सांगितलं नाही?”

“तुम्ही विचारलं नाही,” ती म्हणाली. “आणि मी तर घरात राहून विचारलं नाही, तुम्हाला काय बोलू?”

डोळ्यांच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलणं झालं. ते थेंब बंद झाले, दुसरे सुरू झाले, आणि ते घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. चमत्कार वगैरे झाला नाही. पण नाडी हळूहळू साठीच्या घरात आली. डुलक्या कमी झाल्या. त्याला पाण्याखालून वर यायला लागणारा वेळ कमी कमी होत गेला. एका दुपारी मी मुद्दाम वाकडी वाट करून माझ्या कपाटाची चावी करायला दुकानात गेले. तो म्हणाला, “कपाटात काही आहे का, की उगीच कुलूप?” मला इतकं बरं वाटलं की घासाघीस करायची राहून गेली. चावी मात्र लागली नाही, दुसऱ्यांदा करून घ्यावी लागली. म्हणजे वय झालंच आहे, ते काही थेंबांच्या बाटलीत नव्हतं.

महिनाअखेरीला मुलगा आला. कव्हरवाला माणूसही जागा मोजायला टेप घेऊन हजर झाला. नवरा स्टुलावर बसलेला, आणि मुलगा त्याच्या डोक्यावरून आईला विचारतो, “आई, बाबांना आता जमेल का गं दुकान?”

ती म्हणाली, “ते समोर बसलेत. त्यांना विचार.”

मुलगा गडबडला. त्याने वळून वडिलांना विचारलं. उत्तर यायला वेळ लागला आणि मुलाने तोंड उघडलं तेव्हा तिने त्याला हाताने थांबवलं. मग नवरा म्हणाला, “सकाळचं जमेल. दुपारी थकतो. सकाळी मी बसतो, दुपारी तू ह्यांना कव्हरं विकायला देऊ शकतोस, मला चालेल. आणि तू कधी निघालास घरून? काही खाल्लंस का?” टेप हातात धरून उभा असलेला कव्हरवाला पुढे मला सांगत होता की तो मुलगा, एवढा मोठा बाप्या, भर बाजारात रडला. त्या माणसाने अर्ध्या दिवसाचं भाडं कबूल केलं. हिने मोठ्या मॅडमना जाऊन सांगितलं की मी सोडत नाही.

आता राहिला पोर्टलवरचा पेशंट. नियमाप्रमाणे शेवटचा तास वर्गात घ्यायचा, गटांनी आपापले अंदाज मांडायचे आणि शिक्षकाने पेशंटचं पुढे काय झालं ते सांगायचं. मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणी उठवलंही नसतं. बहुतेक गटांनी वार्धक्य लिहिलं होतं आणि नातेवाइकांना धीर कसा द्यावा यावर छान छान मुद्दे काढले होते, तिच्याच जुन्या नोट्समधले. शंकासुराच्या गटाने थेंब लिहिले होते.

सगळ्यांचं झाल्यावर ती उभी राहिली. “हा पेशंट माझ्या घरी आहे,” ती म्हणाली. “माझे मिस्टर. आता बरे आहेत. तुमच्यामुळे.”

एक-दोघींनी डोळे पुसले. आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर गेला. मी मनात म्हटलं, पोरी, आज तरी राहू दे. पण बहात्तरबाईने मान हलवून तिला उभं केलं.

“मॅडम,” तिने चष्मा वर सरकवला, “तुम्ही तर आम्हाला रोज सांगता. मग तुम्ही इतके महिने त्यांच्यासोबत असून त्यांची नाडी का नाही बघितली?”

त्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शेजारच्या मुलीने तिची ओढणी खाली ओढली, तरी ती उभीच राहिली.

बहात्तरबाई टेबलाला टेकली. मला वाटलं ती आता म्हणेल, बस खाली. पण बोलली तेव्हा ती वर्गाशी नाही, त्या एका मुलीशीच बोलत होती.

“दोन कारणं आहेत,” ती म्हणाली. “एक, मला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. आणि दुसरं, नाडी बघायची म्हणजे हात हातात घ्यावा लागतो. आमचं ते कधीचंच बंद झालं होतं. भांडण नव्हतं काही. नुसतं राहून गेलं होतं.”

शंकासुराने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पुरेसं होतं. ती बसायला लागली आणि अर्ध्यातच थांबली.

“मॅडम, आता रोज बघता?”

“रोज बघते,” ती म्हणाली. “गरज नसली तरी.”